पाणी मारलेलं कौतुक

मोरिता साहेबाची मुक्कामभर नीट बडदास्त ठेवली, तर नासिर पिंजाऱ्याला मुंबईत बसायला खुर्ची मिळणार होती. खुर्ची म्हणजे खरोखरची खुर्ची, वेताची, पाठ टेकायला जागा असलेली. मोरिताच्या, म्हणजे जपानातल्या कोबेच्या एका कापूस कंपनीची फोर्टात कचेरी होती आणि तिथला जुना दुभाषी म्हातारा होऊन कारवारला निघून गेला होता. साहेबानं नासिरच्या नावाची चिठ्ठी लिहून, तांबडा ठसा मारून, कोटाच्या आतल्या खिशात ठेवलीही होती. परतीच्या गाडीत बसताना ती हातावर पडणार, असं ठरलं होतं.

खुर्ची मिळाली नाही तर काय, हेही नासिरला पाठ होतं. नंदुरबारच्या गल्लीतलं वडिलांचं दुकान, भिंतीला टांगलेली धनुकलीसारखी पिंजण, दिवसभर तिच्या तांतीचा तोच टणत्कार, आणि नाकातोंडात जाणारी कापसाची धूळ. वडील अकरा वर्षं खोकत होते. दुकानाबरोबर तो खोकलाही वारसानं येतो, हे त्या गल्लीत सांगावं लागत नसे.

बदल्यात द्यायचं काय? तर गोड शब्द. ते नासिरकडं पोत्यानं होते. तेव्हा सौदा वाईट नव्हता.

हे शब्द त्यानं कुठून आणले, ते सांगायला हवं. सतराव्या वर्षी तो मुंबईच्या एका कापूस दलालाबरोबर स्वयंपाकी म्हणून कोबेला गेला आणि नऊ वर्षं तिथं राहून परतला. दलाल जपानी शिकला नाही, कारण त्याला नासिर होता. नासिर मात्र शिकला. एका विधवा म्हातारीच्या घरात मागच्या खोलीत राहायचा, तिच्याकडून शिकला. भाषा शिकायच्या आधी त्यानं तिच्याकडून एक चूक विकत घेतली.

पहिल्या हिवाळ्यातली गोष्ट. नासिरच्या गळ्यात मुंबईहून आणलेला लाल मफलर होता. म्हातारी म्हणाली, "काय सुरेख रंग! तुम्हाला किती शोभतो!" आता तापीकाठच्या माणसाची एखाद्यानं वस्तू वाखाणली, की त्यानं काय म्हणायचं असतं? "आपलाच शे, लई जा," म्हणजे आपलाच आहे, घेऊन जा, असं म्हणायचं, वस्तू पुढं करायची, आणि समोरच्यानं "नही भो, तुलेच शोभस" म्हणून ती परत लोटायची. वस्तू जागेवर राहते, दोघांची अब्रू वाढते. नासिरनं मफलर काढून म्हातारीपुढं धरला. म्हातारी "नको, नको" म्हणाली. नासिरनं पुन्हा धरला. ती पुन्हा "नको" म्हणाली. नासिरला वाटलं, दोनदा नको म्हणते म्हणजे गरीब बाईचा संकोच. त्यानं तिसऱ्यांदा आग्रह केला. आणि म्हातारीनं दोन्ही हातांनी मफलर घेतला.

तिच्या मुलखात दिलेली वस्तू दोनदा नाकारायची आणि तिसऱ्यांदा घ्यायची, नाहीतर देणाऱ्याचा अपमान होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं परतफेड म्हणून नवऱ्याच्या हातचे लाखेचे पाच वाडगे नासिरच्या दारात आणून ठेवले. तेही परत करता येईनात. पुढं नऊ वर्षं मफलर तिच्या घरात खुंटीला, वाडगे नासिरच्या फळीवर. दोघांनी एकमेकांची वस्तू जपली आणि दोघांनाही ती नको होती. पहिले काही दिवस तर म्हातारी उघड्या मानेच्या नासिरकडं बघायची आणि डोळे खाली घालायची.

तेव्हा नासिरनं कानाला खडा लावला. या मुलखात कौतुक म्हणजे मागणी नव्हे. आपल्याकडं दारात आलेल्याला पाण्याचा तांब्या देतात, तसं ते असतं. तोंडाला लावायचा आणि परत खाली ठेवायचा. तांब्या घेऊन कुणी चालायला लागत नाही. कुणी म्हटलं, तुमची जपानी फार छान, तर म्हणायचं, "छे छे, अजून कच्ची आहे." म्हातारीनं त्याला आणखी एक गंमत सांगितली होती. "तुझी भाषा वाईट असेपर्यंत लोक तिची स्तुती करतील. ज्या दिवशी कुणी स्तुती करणार नाही, त्या दिवशी समज की तू आमच्यासारखा बोललास."

मोरितानं पहिल्या दिवशी नंदुरबार स्टेशनवर उतरल्या उतरल्या नासिरच्या जपानीची तीनदा स्तुती केली. नासिर तीनदा "छे छे" म्हणाला आणि मनात म्हणाला, अजून बराच गंज चढलाय.

सन १९२८ ची होळी तोंडावर आली होती. मोरिताला बोलावलं होतं चुडामण पाटलांनी. सगळा गाव त्यांना आबा म्हणे. तापीकाठी काळी जमीन, गावात कापसाची सरकी काढायचं स्वतःचं जीन, आणि मनात एकच गोष्ट: या कंपनीनं आपली खरेदीची कचेरी पुढच्या हंगामापासून आबांच्या आवारात उघडावी. त्यासाठी साहेबाला खूश ठेवायचं काम नासिरकडं होतं. "तू फक्त गोड बोल," आबा म्हणाले होते. "कापूस मन्हा बोली."

कापूस काही बोलला नाही. मोरितानं ढिगातून चिमूट उचलली, दोन्ही अंगठ्यांत धरून धागा ओढला, उजेडाला धरला आणि म्हणाला, "असं का."

"काय बोलना, काय बोलना?" आबांनी विचारलं.

नासिरनं आबांच्या तोंडाकडं पाहिलं. त्या तोंडाला "असं का" पुरणार नव्हतं. "आबा, साहेब म्हनस, असा लांब धागा मी मिसरमा बी देखा नही."

इजिप्तच्या कापसापेक्षा लांब धागा! आबांच्या मिशीला पंख फुटले. "त्याले सांग, आखा खानदेशमा चुडामण पाटीलसारखा कापूस कोनाकडे नही. बाकीना बठा कचरा!"

नासिर मोरिताकडं वळला आणि वाकून म्हणाला, "मालक म्हणतात, आपल्या नजरेला दाखवावा असा हा माल नाही. आम्ही खेड्यातली माणसं, चुकलं तर सांभाळून घ्या."

मोरिता भारावला. असा नम्र धनी त्यानं साऱ्या हिंदुस्थानात पाहिला नव्हता.

असं दोन दिवस चाललं. मोरिता जे म्हणे त्याला नासिर पाणी मारून फुगवी, आबा जे म्हणत त्यातलं पाणी पिळून काढी. जिनात गाठी बांधायच्या आधी रात्री कापसावर पाणी शिंपडून वजन वाढवायची जी रीत होती, तिची नासिरला लहानपणापासून माहिती होती. जी रीत मालाला चालते ती बोलण्याला का चालू नये? तिसऱ्या दिवशीपर्यंत आबा आणि मोरिता एकमेकांवर इतके लुब्ध झाले होते की पाहणाऱ्याला वाटावं, मागल्या जन्मीचे भाऊ. खरं तर दोघांपैकी कुणीच दुसऱ्याला अजून भेटला नव्हता.

जेवणाच्या पंगतीत एकदाच घोळ झाला. आबांनी मोरिताच्या ताटात आणखी भरीत वाढायला लावलं, तर मोरिता हात आडवा धरून "नको" म्हणाला. आबांचं तोंड उतरलं. "आपलं अन्न त्याले आवडनं नही."

"तसं नही, आबा," नासिर कानाशी लागला. "त्यास्मा रीत शे. हाऊ मानूस दोनदा नही म्हनस आनि तिसरांदा लेस. तुम्ही सोडू नका."

आबांनी सोडलं नाही. तिसऱ्यांदा मोरितानं हात काढून घेतला, भरीत खाल्लं, डोळ्यांतून पाणी आलं, आणि "फार चविष्ट" म्हणून तो तांब्याभर पाणी प्याला. आबांना वाटलं, साहेबाची किल्ली हाती लागली. नासिरलाही आपलं कौतुक वाटलं. ती किल्ली आपण कुणाच्या हातात दिली, हे त्याला चौथ्या दिवशी कळायचं होतं.

मोरिताला फोटो काढायचा नाद होता. सातपुड्यातल्या काठी गावाच्या होळीबद्दल त्यानं कुणाकडून तरी ऐकलं होतं, आणि आबांनी लगेच बेत ठरवला. तापी उतरून अक्कलकुव्यापर्यंत मोटार, पुढं सातपुड्यात तट्टू. बरोबर आबांचा कारकून भिला, सामानाला दोरखंड आणि डबे. होळीच्या आदल्या दिवशी ऐन दुपारी चौघं काठीत पोचले.

आबांनी तट्टू थांबवलं ते आमशाच्या अंगणापाशी. आमशा मोहाची फुलं आणि चारोळी घेऊन तळोद्याच्या बाजारात येई. तिथला काटा आबांच्या माणसाचा होता, तेवढीच ओळख. आमशानं होळीची पाळणी धरली होती. पाच दिवस खाटेवर बसायचं नाही, अंगाला पाणी लावायचं नाही. होळीच्या नाचात कमरेला बांधायचे भोपळे बाजूला रचून ठेवलेले, मोरपिसांचा टोप बायको तुळशीबाई नीट करत होती. आणि अंगणाच्या मधोमध, दोन लाकडांवर, ढोल.

शिवणीच्या एका अखंड खोडातून कोरलेला. आमशाच्या बापानं तो राखला, त्याच्या आधी आज्यानं राखला. पण ढोल त्यांचा नव्हता, सात पाड्यांचा होता. आमशा त्याचा राखणदार. उद्या पहाटे उंच बांबू उभा राहील आणि होळी पेटेल, तेव्हा आधी हा ढोल वाजणार आणि मग बाकीचे.

मोरितानं टोपी काढली. ढोलाभोवती एक फेरी मारली, चामड्याला हात न लावता वाकून पाहिलं आणि त्याच्या तोंडून जे निघालं ते या चार दिवसांत प्रथमच शिष्टाचारापेक्षा जास्त होतं. "केवढा देखणा ढोल! या गावाचा हेवा वाटतो."

नासिरनं बाजारच्या मोडक्या बोलीत आमशाला सांगितलं, "साहेब म्हणतो, ढोल छान आहे."

आमशाचं तोंड आंबट झालं. तुळशीबाई उठली, चुलीपाशी गेली, अंगठ्यावर राख घेऊन आली आणि ढोलाच्या कडेला तिनं काळपट बोट ओढलं. छान म्हटलेल्या वस्तूला डाग लावल्याशिवाय तिला चैन पडणार नव्हतं.

"काय बोलना साहेब?" आबा तट्टूवरून उतरले.

नासिरला सवय नडली. तीन दिवसांच्या वेगात तो बोलून गेला, "आबा, साहेबना जीव ढोलवर बठी गया."

"बस, इतलंच ना!" आबांनी हात पसरले आणि मोरिताकडं पाहून मोठ्यानं म्हणाले, "आपलाच शे साहेब, लई जा!"

तापीकाठची रीत आबांनी अगदी बरोबर पाळली. फक्त वस्तू त्यांची नव्हती.

आमशा ढोलापुढं येऊन उभा राहिला. "हा कुणाला देत नाहीत," तो म्हणाला. "सात पाड्यांचा आहे."

"सात पाडास्ले दुसरा कोरी दी," आबा हसत म्हणाले. "जंगलमा लाकडं कमी शेतस का? आनि आमशा, कुऱ्हाड तर तुन्ही चालसच ना जंगलमा. आजलोंग कोनी इचारं नही तुले. इचारनारा जंगलखातावाला मन्हा वळखना शे." हे त्यांनी इतक्या मायेनं सांगितलं की भिलाला क्षणभर ती धमकी वाटलीच नाही. आमशाला वाटली. त्याची मान ताठ राहिली, पण त्यानं दोन्ही हात मागं नेऊन ढोलाची कड धरली.

मोरिताला शब्द कळत नव्हते, सूर कळत होता. तो दोन्ही हात हलवत म्हणाला, "नको, नको. असं कसं!"

"एक," आबा म्हणाले.

"खरंच नको, मी फक्त..."

"दोन." आबांनी नासिरला डोळा मारला. "तूच सांगं ना भो! तिसरांदा लेस हाऊ. भिला, दोर सोड. तट्टूवर बांध."

भिला दोरखंड घेऊन पुढं आला. मोरिता गोंधळून नासिरकडं वळला. त्याच्या कपाळावर घाम होता. हळूच म्हणाला, "आता पुन्हा नाकारलं तर यजमानाचा अपमान होईल. तो इतका नम्र माणूस. आणि हा दुसरा, ढोलाचा धनी, काय म्हणतो?"

"सांग त्याले," आबा म्हणाले, "आमशा खुशीमा देई ऱ्हायना. दोन बोल बोल आनि मोकळा व्हय."

दोनच बोल होते. नासिरच्या जिभेवर ते आलेही होते. असे बोल त्यानं तीन दिवसांत शेकड्यानं खपवले होते. साहेबाच्या कोटाचा डावा खिसा किंचित फुगलेला दिसत होता. त्यात चिठ्ठी होती, चिठ्ठीत खुर्ची होती. आणि मोरिता आता तिसऱ्यांदा नको म्हणणार नव्हता, हे नासिरइतकं सबंध सातपुड्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यानं अशीच एक म्हातारी पाहिली होती, तिसऱ्या आग्रहाला दोन्ही हात पुढं करणारी. तेव्हा निदान मफलर त्याचा स्वतःचा होता.

खरं सांगून टाकावं, तर तेही सोपं नव्हतं. साहेबाचं कौतुक म्हणजे नुसती रीत, त्यात मागणी नाही, असं आबांना सांगितलं की पुढचा प्रश्न कोणता येणार, हे नासिरला दिसत होतं. पोत्याला एक भोक पाडलं की सगळंच सांडणार.

"बोल ना!" आबा ओरडले.

"नही बोलावं," नासिर म्हणाला.

"काय?"

"नही बोलावं, आबा. हाऊ मानूस ढोल मांगी ऱ्हायना नही. त्यास्नाकडे छान म्हननं म्हंजे रामराम करनं. कोनी रामराम करा म्हनीसन आपुन त्याले शेजारीनं घर देतस का?"

आबा थांबले. ते मूर्ख नव्हते. त्यांनी आयुष्यभर लोकांच्या तोंडाकडं पाहून भाव ठरवले होते. डोळे बारीक करून त्यांनी तोच प्रश्न विचारला. "मंग मन्हा कापूस? मिसरमा बी असा धागा नही, ते?"

"साहेबनी कापूस हातमा लिधा, धागा वढा, आनि म्हने, 'असं का.'"

"आनि मंग?"

"मंग काही नही. बाकीनं मन्हं."

"बाकीनं म्हंजे?"

"पानी, आबा. गाठ बांधाना पहिले तुम्हना जिनमा मारतस ना, तेच."

भिलाला हसू फुटलं, त्यानं ते खोकल्यात घातलं. आबांचं तोंड आधी पांढरं झालं, मग लाल. त्यांच्या जिनाबद्दल हे वाक्य नंदुरबारात सगळे जाणत होते आणि एकानंही त्यांच्यासमोर उच्चारलं नव्हतं. आणि आता ते एका पिंजाऱ्यानं, भर उन्हात, सातपुड्यात उभं राहून म्हटलं होतं.

त्यांना शब्द सापडायच्या आत नासिर मोरिताकडं वळला. या वेळी तो वाकला नाही. कचेरीची जपानी बाजूला ठेवून म्हातारीच्या स्वयंपाकघरातली काढली, मासळीबाजारात चालते ती.

"साहेब, हा ढोल त्याचा नाही. देतोय तो मालक नाही आणि मालक देत नाही. तो नम्रही नाही, ती नम्रता माझी होती. तुम्ही आता गप्प बसलात तर ढोल जाईल आणि उद्या इथली होळी मुकी राहील. ढोल वाईट आहे, म्हणा."

"काय?" मोरिता म्हणाला.

"वाईट आहे, नको, असं म्हणा. सगळ्यांना ऐकू जाईल असं. मी जसंच्या तसं सांगतो."

"त्याच्या तोंडावर?"

"तोंडावर."

मोरिता पंचेचाळिशीचा असेल. एवढ्या वयात त्यानं दुसऱ्याच्या घरातल्या वस्तूला वाईट म्हटलं नव्हतं. दुसऱ्याची कोमट चहाची वाटीदेखील त्यानं वाखाणून प्यायली होती. त्यानं ढोलाकडं पाहिलं, ढोलाची कड धरलेल्या आमशाच्या हातांकडं पाहिलं, टोपी छातीशी धरली. दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. मग फाशीची शिक्षा वाचून दाखवावी तसं म्हणाला, "हा ढोल... वाईट आहे. आवाजही बहुधा वाईट असेल. मला नको."

नासिरनं आधी आबांना सांगितलं, मग आमशाला. चार दिवसांत पहिल्यांदाच त्यानं एक शब्द कमी केला नाही, एक जास्त घातला नाही.

आमशानं बायकोकडं पाहिलं. मग तुळशीबाई तोंडाला पदर लावून खुदकन हसली. "पुन्हा म्हणायला सांग त्याला!"

"वाईट," मोरिता घाबरून पुन्हा म्हणाला. एवढा एक शब्द सगळ्यांनाच कळला. शेजारच्या अंगणातली माणसंही हसायला लागली. राखेचं बोट लावूनही तुळशीबाईच्या मनात जी धास्ती उरली होती, ती परक्या साहेबानं स्वतःच्या तोंडानं पुसून टाकली होती. वाईट म्हटलेल्या वस्तूला कुणाची दृष्ट लागणार? तिनं टोपलीतून भाजक्या हरभऱ्याच्या डाळ्या आणि गुळाचा खडा काढला आणि मोरिताच्या टोपीतच ओतला.

"रागावले का?" मोरितानं नासिरला विचारलं.

"नाही. इथं याला कौतुक म्हणतात."

"असं का," मोरिता म्हणाला.

"काय बोलना?" आबांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

"म्हने, असं का," नासिर म्हणाला.

आबांनी दोरखंड भिलाच्या हातातून हिसकला आणि तट्टूवर फेकला. होळी बघायची राहिली, आता लगेच परतायचं ठरलं. "तुन्हं तट्टू आम्ही लई जाई ऱ्हायनू. नंदुरबारलोंग पायी ये. तठलोंग तुन्ही जीभ वायी जाई."

"वायी तर बरं, आबा. लई दिन ओली व्हती."

मोरिता तट्टूवर चढला, पुन्हा उतरला आणि नासिरसमोर येऊन उभा राहिला. त्याचा हात कोटाच्या आतल्या खिशाकडं गेला. तिथं थोडा वेळ थांबला. नासिरनं त्या हाताकडं बघायचं नाही असं ठरवलं आणि बघितलंच. मोरिता विचार करत होता, आणि त्याचा विचार नासिरला स्वतःचा असल्यासारखा वाचता येत होता: पाहुण्यांच्या मनातलं यजमानांना उघडं करून सांगणारा दुभाषी कुठली कंपनी ठेवील? उद्या हाच माणूस मोठ्या गिऱ्हाइकाला सांगेल की साहेब नुसतं रीत म्हणून हसले. हात खाली आला. कोटाची गुंडी लागली.

"तुम्ही फार कष्ट घेतलेत," मोरिता म्हणाला आणि वाकला, जिनातल्या कुठल्याही नमस्कारापेक्षा खोल. जपानीबद्दल एक चांगला शब्द बोलला नाही. पहिल्या दिवशी तीनदा, दुसऱ्या दिवशी दोनदा, काल एकदा. आज एकदाही नाही.

कोबेची म्हातारी आठवून नासिरला, अंगणात तट्टूविना उभं असताना, हसू आलं.

रात्री आमशानं त्याला ठेवून घेतलं. पहाटे ढोल वाजला. नासिर उतरणीला लागला तरी तो मागून येत राहिला. वळणावर बुजे, पुढच्या वळणावर पुन्हा सापडे. नंदुरबारला पोचायला तीन दिवस लागले. घरी वडील खोकत होते. त्यानं पिंजण खाली काढली, तांत ताणून पाहिली आणि कामाला बसला.

कंपनीची कचेरी त्या वर्षी आबांच्या आवारात उघडली नाही, दुसऱ्या एका गावात उघडली. काठीतल्या प्रसंगामुळं, की कोबेहून आलेल्या कापसाच्या दरामुळं, ते कुणाला कळलं नाही. आबा मात्र ते नासिरच्या खात्यावर घालत, आणि नासिर नाही म्हणत नसे.

पुढच्या हंगामात एका दुपारी भिला दुकानाच्या पायरीशी आला. आत आला नाही, धुळीला भीत होता. "नासिरभाऊ, आबा बलाई ऱ्हायनात. दुसरा साहेब येल शे, दुसरी कंपनीना. मागनं मागे, म्हनतस. हाऊ साहेब बी दुभाषी धुंडी ऱ्हायना, मुंबईना करता."

नासिरनं तांतीवर मारायची हातातली मोगरी थांबवली. तांत थोडा वेळ थरथरली. आतून वडिलांचा खोकला ऐकू आला, मग थांबला. म्हातारा कान देऊन होता.

"आबास्ले सांग, येसू मी. पन जे बोलतीन तेच सांगसू. 'असं का' म्हने तर 'असं का.' कोरडं. पानी मारावं नही."

"भाऊ, आबा आईकाव नहीत."

"मंग त्यास्ना साहेबसंगे त्यास्लेच बोलू दे."

भिला गेला तो परत आला नाही. म्हणजे खुर्ची नासिरनं एकदा नाही, दोनदा घालवली. पहिल्यांदा उन्हात उभं राहून, भरात. दुसऱ्यांदा सावलीत बसून, पूर्ण शुद्धीवर. दुसऱ्या वेळची किंमत जास्त धरायला हवी.

तर मग कुणी काय भरलं? तुळशीबाईनं अंगठाभर राख, आणि टोपीत मावल्या तेवढ्या डाळ्या. मोरितानं एक उद्धट वाक्य, तेही दोनदा. आबांनी मोटारीचं पेट्रोल, आणि मिसरच्या धाग्याचं तीन दिवसांचं सुख. ढोलानं काही भरलं नाही. तो त्या होळीला वाजला, पुढच्या होळीलाही वाजला. बाकी सगळं नासिरनं भरलं. गल्लीत त्याला कुणी विचारलं, की बाबा, परवडलं का, तर तो पिंजण खाली न ठेवता म्हणे, "मफलरपेक्षा स्वस्त पडनं."

आणि मग खोकत असे.